नऊ कंकऱ्या आणि चार हातांचे नाके

कॅरमच्या डब्यात नऊ काळ्या सोंगट्या असतात, नऊ पांढऱ्या आणि एक लाल. लाल उचलून बाजूला ठेवली की नवकंकरीचा, म्हणजे दोघांनी नऊ-नऊ कंकऱ्या घेऊन पटावर खेळायच्या खेळाचा, संच तयार. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये डोकावा, कॅरमभोवती चौघं बसलेले आणि बाकीचे आपला नंबर कधी लागतो म्हणून उभे. स्ट्रायकर हरवल्यामुळे पडून राहिलेला एखादा जुना संचही कपाटात बहुधा सापडतो. तो काढायचा, खडूने फरशीवर तीन चौकोन आखायचे, आणि उभ्या असलेल्यांपैकी दोघांची सोय झाली.

या खेळात फासे नाहीत, कवड्या नाहीत, झाकलेली पानं नाहीत. दोघांपुढे सगळं उघडं असतं. त्यामुळे हरल्यावर नशिबाला बोल लावता येत नाही. काहींना खेळ नकोसा होतो तो एवढ्याचसाठी.

आधी पट आखू, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. पेन्सिलने सात आडव्या आणि सात उभ्या रेघा चार-चार सेंटीमीटर अंतरावर काढा. चोवीस सेंटीमीटरची जाळी झाली. सगळ्यात बाहेरच्या रेघांचा एक चौकोन, त्याच्या आतल्यांचा दुसरा, त्याच्याही आतल्यांचा तिसरा, एवढं स्केचपेनने गडद करा. मग चारही बाजूंच्या मध्यातून बाहेरच्या चौकोनापासून आतल्या चौकोनापर्यंत एकेक रेघ ओढा. तिथेच थांबायचं. हौसेने ती रेघ आतल्या चौकोनाच्या पोटातून पलीकडे नेली की मध्यभागी फुली तयार होते, पोरं तिथेही कंकरी ठेवायला लागतात आणि तो वेगळाच खेळ होऊन बसतो. आतला चौकोन रिकामाच हवा. चार सेंटीमीटरचं अंतरही उगाच नाही. कॅरमची सोंगटी तीन सेंटीमीटरच्या जराशी वर असते. जाळी तीनची केली तर आतल्या चौकोनात सोंगट्या एकमेकींना खेटतात, एक उचलताना दुसरी सरकते आणि मग ‘ती इथे नव्हतीच’ हा वाद. दोन फुटी शहाबादी फरशी मिळाली तर अंतर सरळ आठ सेंटीमीटर करा, बघणाऱ्यांनाही दिसतं.

कॅरम नसेल तर चिंचोके. फोडून दोन दलं केली की एक बाजू तपकिरी आणि एक पांढरी; नऊ दलं पालथी, नऊ उताणी. फक्त उताणं दल पाठीवर डुगडुगतं, म्हणून त्याची पाठ दगडावर थोडी घासून घ्यावी. राजमा आणि काबुली चणे दिसायला छान, पण जरा धक्का लागला की घरंगळतात.

नियम थोडक्यात. दोघांनी आळीपाळीने एकेक कंकरी रिकाम्या बिंदूवर ठेवायची. एका सरळ रेघेवरच्या तिन्ही बिंदूंवर आपल्या कंकऱ्या आल्या की तिकडी झाली. तिकडी झाली की समोरच्याची एक कंकरी उचलायची. त्याच्या तयार तिकडीतली मात्र नाही, दुसरी कुठली उरलीच नसेल तरच तिच्यातली. उचललेली कंकरी पुन्हा पटावर येत नाही. अठराच्या अठरा ठेवून झाल्या की दुसरा टप्पा सुरू: रेघेवरून शेजारच्या रिकाम्या बिंदूवर एक पाऊल. आपली पाळी सोडता येत नाही, हलावंच लागतं. समोरच्याकडे दोनच कंकऱ्या उरल्या किंवा त्याला हलायला एकही वाट राहिली नाही की तो हरला. हा दुसरा प्रकार पुष्कळांना ठाऊकच नसतो. सात कंकऱ्या शाबूत असलेला गडी पूर्ण कोंडला गेला तर तो हरतो, ‘माझ्या तर सात आहेत’ असं म्हणून भागत नाही.

पुढचं बोलायला बिंदूंना नावं हवीत. बाहेरचा चौकोन ‘बा’, मधला ‘म’, आतला ‘आ’. प्रत्येक चौकोनात वरच्या डाव्या कोपऱ्याला १ म्हणा आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजत जा: वरचा मध्य २, वरचा उजवा कोपरा ३, उजवा मध्य ४, असं करत डावा मध्य ८. म्हणजे विषम आकडे कोपऱ्यांचे, सम आकडे बाजूंच्या मध्यांचे. एका चौकोनातून दुसऱ्यात जायची वाट फक्त सम आकड्यांवर असते. एवढं लक्षात ठेवलं तर पट समोर नसतानाही चाल सांगता येते.

आता मोजा. पटावर तिकडी होऊ शकेल अशा रेघा सोळा आहेत: तीन चौकोनांच्या बारा बाजू आणि त्यांना जोडणाऱ्या चार आडवाटा. बिंदू चोवीस. प्रत्येक बिंदू बरोबर दोन रेघांवर येतो. कोपरा घ्या, मध्य घ्या, आतला घ्या, बाहेरचा घ्या, दोनच. तिकडी करण्याच्या हिशोबाने सगळे बिंदू सारखे. नवा खेळाडू नेमका हाच हिशोब करतो आणि म्हणून त्याला कुठेही ठेवलं तरी चालेल असं वाटतं.

पण वाटा मोजल्या की चित्र बदलतं. बाराही कोपऱ्यांना दोनच वाटा. बाहेरच्या आणि आतल्या चौकोनाच्या आठ मध्यांना तीन. आणि मधल्या चौकोनाचे चार मध्य, म्हणजे म२, म४, म६, म८, यांना चार. तीन हात नाक्यावरून रोज जाणाऱ्या ठाणेकराला याचा अर्थ समजावून सांगायला नको: गल्लीच्या टोकाला बंद पडलेल्या गाडीने कुणाचं अडत नाही, नाक्यावर बंद पडली की हायवेपर्यंत रांग लागते. म्हणून पुढे मी बिंदूंना दोन हातांचे, तीन हातांचे, चार हातांचे असंच म्हणणार आहे. पटावर चार हातांचे नाके चारच आहेत आणि पहिल्या दोन-तीन पाळ्यांत ते वाटले जातात.

रेघांचंही तसंच. तिकडी कुठलीही असो, मिळते एकच कंकरी. तिकडीतून बाहेर पडायच्या वाटा मात्र सारख्या नसतात. बाहेरच्या किंवा आतल्या चौकोनाच्या बाजूवर केलेल्या तिकडीला तीन वाटा. मधल्या चौकोनाच्या बाजूवर केलेलीला चार. आणि आडवाटेवर केलेलीला, उदाहरणार्थ बा२-म२-आ२, सहा. सोळांपैकी आठ रेघा तीन वाटांच्याच आहेत, आणि नवखा गडी पहिली तिकडी तिथेच करतो, कारण पटाची कड डोळ्यांत भरते.

बाहेर पडायची वाट एवढी महत्त्वाची का, तर एकदा झालेली तिकडी नुसती बसून राहिली तर काहीच देत नाही. पुन्हा फायदा हवा तर त्यातली एक कंकरी बाहेर काढायची आणि पुढच्या पाळीला परत आत आणायची. बाहेर काढायलाच जागा नसेल तर ती तिकडी नाही, तीन कंकऱ्यांचं तुरुंग आहे. समजा पांढऱ्याने सहाव्या-सातव्या कंकरीला बा१-बा२-बा३ पूर्ण केली आणि ऐटीत काळ्याची एक उचलली. काळ्याने शांतपणे पुढच्या कंकऱ्या बा८, बा४ आणि म२ वर ठेवायच्या. झालं. पांढऱ्याच्या तीन कंकऱ्या आता हलू शकत नाहीत. तुम्ही म्हणाल, काळ्याच्याही तीन अडकल्याच की. तसं नाही. बा८ ला म८ कडे आणि बा७ कडे जाता येतं, बा४ ला म४ आणि बा५ कडे, म२ ला तर तीन दिशा मोकळ्या. शिवाय पहारा देतादेता त्या तिघी स्वतःच्या तिकड्यांत सामील होऊ शकतात: बा८-म८-आ८, बा४-म४-आ४, म१-म२-म३. कैद्यांना यातलं काहीच जमत नाही. पांढऱ्याकडे नऊ दिसतात, खेळायला सहा. काळ्याच्या आठ दिसतात आणि आठही खेळात आहेत.

म्हणून सुरुवातीच्या तिकडीचा मोह वाईट, असं माझं ठाम मत आहे. पूर्ण बरोबर नसेल, कारण आडवाटेवरची तिकडी लवकर जमली तर ती जरूर घ्यावी. पण कडेवरची? आठवी कंकरी ठेवून होईपर्यंत तरी नको.

ठेवण्याच्या टप्प्यात तिकडीपेक्षा दुहेरी धमकी महत्त्वाची. बा२ आणि बा८ वर तुमच्या कंकऱ्या असतील आणि बा१, बा३, बा७ मोकळे असतील, तर बा१ वर ठेवताच बा३ आणि बा७ अशा दोन ठिकाणी तिकडी तयार होते. समोरचा एकच अडवू शकतो. तेव्हा समोरच्याच्या दोन कंकऱ्या एकाच चौकोनाच्या लगतच्या दोन मध्यांवर आल्या की लगेच जागं व्हायचं, आणखी एक ठेवू द्यायची नाही.

एक सुरुवात तपशिलाने पाहू. पांढरा म२, काळा म६. पांढरा म४. आता पांढरा पुढच्या पाळीला म३ वर आला तर म१ आणि म५ अशी दुहेरी धमकी आहे, म्हणून काळ्याला म१, म३, म५ यांपैकी एक घेणं भाग आहे. नवखा म३ वर ठेवतो. दोन्ही रेघा एकदम तुटतात, दिसायला छान. पण म३ ला दोनच हात आणि दोन्हीकडे पांढरा. जन्मतःच कोंडलेली कंकरी. म५ उत्तम. एक रेघ तुटते, आणि म६ आधीच काळ्याची असल्याने म७ वर तिकडीची धमकीही बसते. पांढऱ्याला म७ अडवावंच लागतं. अडवताना त्याने स्वतःचाही एक सापळा लावलेला असतो: पुढे तो म१ वर आला तर म३ आणि म८ अशी दुहेरी धमकी. म्हणून काळा म८ घेतो. ही चाल अडवते, चार हातांचा दुसरा नाका मिळवून देते, आणि म६ व म८ मिळून पांढऱ्याच्या म७ ची दोन्ही दारं बंद होतात. तीन-तीन कंकऱ्या झाल्या, नाके दोन-दोन वाटले गेले, पांढऱ्याची एक कंकरी कैदेत. पट अजून निम्म्याहून जास्त रिकामा आहे आणि काळा किंचित पुढे आहे.

ठेवण्याच्या टप्प्यात तिकडी झालीच तर कुठली कंकरी उचलायची? आपल्याला अडवणारी, असं मन सांगतं. पण समोरच्याच्या हातात अजून कंकऱ्या शिल्लक असतील तर तो रिकामी झालेली जागा पुढच्याच पाळीला परत भरतो. अशा वेळी अडवणारीपेक्षा त्याच्या दोन रेघा जोडणारी, किंवा नाक्यावर बसलेली उचलावी आणि त्या नाक्यावर पुढच्या पाळीला आपण बसता येईल का ते पाहावं. दुसऱ्या टप्प्यात उलट: तिथे हातात काही नसतं, त्यामुळे पहारेकरीण उचलली की कैदी खरोखर सुटतात.

पहिला ठेवणारा चांगला की दुसरा, यावरून वाद होतात. पहिल्याला नाका आधी मिळतो. पण अठरावी, म्हणजे शेवटची कंकरी दुसऱ्याची असते. पट पूर्ण पाहून तो ती ठेवतो, आणि लगेच हलायची सक्ती पहिल्यावर येते. एकही कंकरी मेलेली नसेल तर पटावर सहाच बिंदू रिकामे असतात. अशा गर्दीत हलावं लागणं हीच शिक्षा होते, कारण चांगली जागा सोडावी लागते. शेवटच्या दोन कंकऱ्या हातात असताना रिकाम्या जागा मोजा आणि आपल्याला किती निरुपद्रवी चाली उरतात ते बघा. एकही नसेल तर शेवटची कंकरी तिकडीच्या आशेने न ठेवता मोकळी जागा राखायला ठेवा.

दुसऱ्या टप्प्यातला राजा म्हणजे दुहेरी तिकडी. पाच कंकऱ्या लागतात. बा१, बा२, बा३ आणि म१, म३. बा२ खाली म२ वर सरकली की म१-म२-म३ पूर्ण, एक उचला. पुढच्या पाळीला म२ वर बा२ ला गेली की वरची पूर्ण, पुन्हा एक उचला. साध्या तिकडीला दोन पाळ्यांत एक बळी मिळतो, हिला दर पाळीला. दुसरा प्रकार कोपऱ्यातून: बा१-बा२-बा३ पूर्ण आणि म८, आ८ वर कंकऱ्या, बा१ ची कंकरी बा८ आणि बा१ अशी ये-जा करते.

ही मोडायची कशी? पहिल्या प्रकारात फिरती कंकरी म२ वर असते तेव्हा बा२ रिकामं असतं, पण तिथे यायच्या तिन्ही वाटांवर तिच्याच मैत्रिणी. काहीच करता येत नाही. फिरती बा२ वर परत गेली की म२ रिकामं होतं आणि तिथे शिरायला एकच वाट: आ२. म्हणजे सगळा बचाव आ२ वर बसलेल्या एका कंकरीवर. समोरचा आंधळा नसेल तर पहिला बळी तिचाच घेईल. ती वाचवायची असेल तर ती स्वतः तिकडीत हवी, उदाहरणार्थ आ१-आ२-आ३, म्हणजे तिला उचलता येणार नाही. आणि मग ती म२ वर सरकली की आपली तिकडी सुटते, तोही हिशोब आधीच करायचा. खरं तर दुहेरी तिकडी झाल्यावर मोडायची नसतेच, चार कंकऱ्या जमलेल्या दिसल्या की पाचवीची वाट बंद करायची असते.

तीन कंकऱ्या उरल्यावर उडता येतं की नाही, हे खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवा. उडणं म्हणजे शेजारची अट सुटते, कुठल्याही रिकाम्या बिंदूवर जाता येतं. मला उडण्याचा नियम हवासा वाटतो. त्याशिवाय हरणाऱ्याचा शेवट नुसता रखडतो. पण जिंकणाऱ्याने भान ठेवायला हवं. चारची तीन करण्याची घाई केली की लंगडा गडी एकदम पंख फुटल्यासारखा होतो: त्याच्या दोन कंकऱ्या एका रेघेवर असल्या आणि तिसरा बिंदू मोकळा असला की तिसरी कुठूनही येऊन बसते. म्हणून समोरच्याला तीनवर आणण्याआधी पुढच्या बळीची तयारी हवी, तीही दोन वेगवेगळ्या ठिकाणी, कारण एक जागा तो उडून अडवणारच. काही कसलेले गडी तर वाट मोकळी व्हावी म्हणून मुद्दाम चौथी कंकरी खायला घालतात.

आणखी दोन गोष्टी बोलून घ्याव्यात. एकाच चालीत दोन तिकड्या झाल्या तर किती उचलायच्या? बहुतेक ठिकाणचा नियम: एकच कंकरी. दोन ठरवल्या तरी बिघडत नाही, पण मध्येच ठरवायचं नाही. आणि तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर बरोबरी. हे नसेल तर दोन हट्टी म्हातारे रात्रीचं जेवण चुकवतात.

कोपरे जोडणाऱ्या तिरक्या रेघा काही घरांत काढतात. हा किरकोळ बदल नाही, अख्खा खेळ उलटतो. चार रेघा वाढून वीस होतात. कोपरे आता तीन रेघांवर येतात आणि मध्य दोनवरच राहतात. वाटाही सारख्या: बाहेरच्या कोपऱ्याला तीन, मधल्याला चार, अगदी मध्यांसारख्याच. वर सांगितलेलं ‘कोपरा टाळा’ तिथे ‘कोपरा धरा’ होतं. दक्षिण आफ्रिकेतला मोराबाराबा असाच तिरक्या रेघांचा, बारा-बारा गुरांचा, म्हणजे कंकऱ्यांचा. चोवीस बिंदू आणि चोवीस गुरं, म्हणजे एकही मेलं नाही तर पट गच्च भरून बरोबरी. संगणकाने तपासल्यावर तो पहिल्या गड्याने जिंकायचा खेळ निघाला.

आपल्या बिनतिरक्या नवकंकरीचा निकालही लागलेला आहे. झ्युरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात राल्फ गॅसर यांनी १९९३ साली हे काम पुरं केलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या, म्हणजे हलवण्याच्या आणि उडण्याच्या, टप्प्यातल्या सुमारे ७६७ कोटी स्थिती शेवटापासून मागे मोजत आणल्या, आणि ठेवण्याच्या अठरा चालींचा शोध वरून खाली घेतला. दोघांनी अचूक खेळलं तर बरोबरी. यामुळे खेळ संपला असं कुणी म्हणालं तर त्याला एक डाव खेळायला बसवावं. बुद्धिबळाचा १८९४ ते १९२१ जगज्जेता असलेल्या इमॅन्युएल लास्करने दहा-दहा कंकऱ्यांचा, आणि ठेवायचं की हलवायचं हे प्रत्येक पाळीला आपण ठरवायचं, असा प्रकार सुचवला होता. तोही बरोबरीचाच निघाला, पण ठेवण्याचा आणि हलवण्याचा टप्पा एकमेकांत मिसळल्याने डोक्याला चांगला ताप देतो.

जुनेपणाच्या गप्पा जपून माराव्यात. स्पेनमधल्या कॅस्टिलचा राजा दहावा अल्फान्सो याच्या दरबारात १२८३ साली पूर्ण झालेल्या खेळांच्या हस्तलिखितात हा पट आहे, एवढं पक्कं. इजिप्तमधल्या कुर्नाच्या देवळातल्या छताच्या दगडावरचा पट साडेतीन हजार वर्षांचा म्हणून फार मिरवला जातो. देऊळ जुनं आहे, पण पट त्याच काळातला असेलच असं नाही, दगडावर रेघा कुणीही कधीही ओढू शकतो. आपल्याकडेही हीच अडचण. महाराष्ट्रात लेण्यांच्या ओट्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर, किल्ल्यांच्या देवड्यांत नवकंकरीचे पट कोरलेले सापडतात. लेणं दोन हजार वर्षांचं असलं तरी पट मागच्या शतकातल्या गुराख्याचाही असू शकतो. उभ्या भिंतीवरचा किंवा बोटही मावणार नाही इतका लहान पट खेळायचा नव्हे, हे मात्र सांगता येतं. ठाण्याहून रविवारी असा पट शोधायला निघालात तर रेघा दिसाव्यात म्हणून खडू किंवा तेल लावू नका. सकाळी लवकर नाहीतर उतरत्या उन्हात जा, आणि सावलीत असेल तर मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. झिजलेली रेघही सावलीने उठून दिसते.

ठाणे-वाशी गाडीत बसायला मिळालं तर एक डाव आरामात होतो. कसलेल्या दोघांना पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पट दोन सेंटीमीटरच्या जाळीचा करा, बारा सेंटीमीटरचा, जुन्या योगा मॅटच्या तुकड्यावर मार्करने. त्यावर शर्टाची बटणं घसरत नाहीत. पुठ्ठ्यावर घसरतात, आणि ऐरोलीच्या आधीच्या एखाद्या धक्क्याला सगळा डाव मांडीवर.

आणि हे प्रवासात सोडवायला. पांढऱ्याच्या पाच: बा१, बा३, आ२, म४, म५. काळ्याच्या तीन, उडणाऱ्या: बा६, आ४, आ८. चाल पांढऱ्याची, दोन चालींत जिंकायचं. काळ्याच्या कुठल्याही दोन कंकऱ्या एका रेघेवर नाहीत, तेव्हा त्याला एका उडीत तिकडी जमणार नाही. पांढऱ्यालाही या क्षणी तिकडी नाही: बा२ वर किंवा म३ वर जाऊ शकेल अशी मोकळी कंकरीच शेजारी नाही. आ२ उचलून म२ वर ठेवा. आता वर बा२, उजवीकडे म३. काळा एकीकडे उडेल, तुम्ही दुसरीकडे सरका.